पाचवी ‘ब’चा मुका बाजार

कसं सांगावं हेच कळत नाही, पण तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगून टाकतो. ती साखर जरा इकडे सरकवा. डॉक्टरांनी बंद केलीय, पण हा किस्सा बिनसाखरेच्या चहाबरोबर मला सांगवत नाही.

तुमची नात इंग्रजी शाळेत जाते. तिच्या बाई तिला खेळ खेळवून शब्द शिकवतात, आणि तुम्ही आत्ता मोठ्या कौतुकाने म्हणालात की आपल्या वेळी असलं काही नव्हतं. नव्हतं कसं? आख्ख्या नाशिक जिल्ह्यात इंग्रजीचे खेळ पहिल्यांदा आणले ते मी. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती. आणि त्या खेळात हरलेला एकमेव माणूसही मीच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकचा, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला, वर बी. एड. केलेलं, आणि डोक्यात हवा किती? सायकलच्या दोन्ही चाकांना भरून उरेल एवढी. नोकरी लागली कळवणच्या एका शाळेत, पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायची. कळवण म्हणजे तालुक्याचं गाव, आजूबाजूला सगळी शेतीवाडी. शनिवारी दुपारी एसटीने नाशिकला यायचं आणि रविवारी संध्याकाळी तोंड पाडून परत जायचं. तिथली मुलं मला बावळट वाटायची. हे मी आज कबूल करतोय, तेव्हा उघडपणे म्हणायचो.

नोकरी होती तात्पुरती. दोन वर्षं झाली की शिक्षण खात्याचे साहेब येणार, वर्ग बघणार, आणि त्यांनी बरा शेरा लिहिला तर मी कायम होणार. नाही लिहिला तर पेटी उचलायची आणि घरी यायचं.

नुसती नोकरीच असती तर मी एवढा घाबरलो नसतो. पण नाशिक रोडला सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी मी बघून आलो होतो. मुलगी मला पसंत होती. फार पसंत होती, उगाच कशाला लपवू? पोह्यांची बशी ठेवताना तिने विचारलं होतं, “कळवणला थंडी फार असते ना?” त्या एका प्रश्नावर मी पुढचा आख्खा हिवाळा काढला.

तिच्या वडिलांनी मात्र स्वच्छ सांगितलं, “कायम झाल्याचं पत्र आणा, त्याच आठवड्यात तिथी काढू. तात्पुरत्या माणसाला मुलगी कायमची कशी द्यायची, तुम्हीच सांगा.”

मध्यस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले की बँकेतला एक मुलगाही बघून गेलाय. आणि तो कायम आहे.

अशा वेळी माणूस काय करेल? मी नाशिकला दहा दिवसांच्या शिबिराला नाव घातलं. शिबिराचं नाव होतं ‘खेळातून इंग्रजी’. शिकवायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांच्या दोन गोष्टी मी वहीत लाल शाईने लिहून घेतल्या. एक, शब्द पुस्तकातून शिकवू नये, गरजेतून शिकवावा. दुसरी, खेळ एकदा सुरू करून दिला की शिक्षकाने वर्गातून निघून जावं, कारण शिक्षक समोर असला की मुलं दबतात. ही दुसरी सूचना मला विशेष पटली. आमच्या शाळेसमोर चहाची चांगली टपरी होती.

परत येऊन मी पाचवी ‘ब’ हाताशी धरली. बावन्न मुलं. त्यांचं इंग्रजीचं ते पहिलंच वर्ष, म्हणजे कोरी पाटी. पहिला खेळ चिठ्ठ्यांचा. दिसेल त्या वस्तूवर तिचं इंग्रजी नाव लिहून चिकटवायचं. दारावर डोअर, खिडकीवर विंडो, बाकावर बेंच. मुलांनी घरून कणकेची खळ करून आणली आणि सगळा वर्ग चिकटवून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कमरेच्या खालच्या सगळ्या चिठ्ठ्या गायब.

“बकऱ्यांनी खाल्ल्या, सर,” आमचा शिपाई नामदेव म्हणाला. “खळ लय आवडते त्यान्ला.”

म्हणजे इंग्रजी शब्द पचवणाऱ्या कळवणमधल्या पहिल्या विद्यार्थिनी बकऱ्या.

दुसरा खेळ शब्दांच्या भेंड्या. एकाने शब्द म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्याने दुसरा म्हणायचा. पहिला मुलगा म्हणाला टेबल. त्याचं शेवटचं अक्षर ‘ई’, म्हणून दुसरा म्हणाला एलिफंट. एलिफंटचं शेवटचं ‘टी’, म्हणून तिसरा म्हणाला टेबल. चौथा, एलिफंट. असं करत करत शेवटच्या बाकापर्यंत सव्वीस टेबलं आणि सव्वीस हत्ती झाले. तास संपल्यावर दोन्ही बाजू आपणच जिंकलो म्हणून नाचत बाहेर गेल्या. चूक कोणाची काढणार? सगळे शब्द बरोबर होते.

तिसरा खेळ मात्र जमला. बाजाराचा. बाकं भिंतीला लावायची, अर्धी मुलं विकणारी, अर्धी घेणारी. पैशांच्या जागी चिंचोके. माल घरून आणायचा, खराखुरा. कोणी चार वांगी आणली, कोणी कांदे, कोणी ओंजळभर शेंगा, मिरच्या. आणि सगळी घासाघीस इंग्रजीत करायची. व्हॉट इज धिस, धिस इज ब्रिंजल, हाऊ मच, फाइव्ह, नो नो, थ्री. सगळी वाक्यं फळ्यावर लिहून दिली. म्हटलं, आता गरज निर्माण झाली, शब्द येतील.

शब्द आले, पण कुठले?

“ए, तुझी वांगी किडकी हायेत.”

“मंग नको घेऊ. तुला बोलावलं कोनी?”

“चाराला दे नायतर चाललो.”

“जाय ना. मागं फिरून बघू नको.”

फळ्यावरच्या इंग्रजीकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा मी नियम काढला. एक पुठ्ठा घेतला, त्यावर ठळक इंग्रजीत लिहिलं, ‘मी मराठी बोललो’, वर सुतळी ओवली आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगला. वर्गाची मॉनिटर होती मंजुळा आहेर. दोन घट्ट वेण्या, एवढीशी उंची, नजर मात्र फौजदाराची. तिला सांगितलं, “जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात ही पाटी घालायची. दुसरा कोणी बोलला की याच्याकडून काढून त्याच्या गळ्यात. तास संपेल तेव्हा ज्याच्याकडे राहील त्याने वर्ग झाडायचा.”

“कोनीबी असला तरी, सर?”

“कोणीही असला तरी.”

मागच्या बाकावरून एक हात वर आला. बाळू देवरे. त्याचे वडील बैलांच्या बाजारात दलाली करायचे. बाळू अभ्यासात यथातथाच होता.

“सर, अहिराणी चालंल का?”

आता बघा, या मुलांची घरची बोली अहिराणी. शाळेतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. पण माझ्या डोक्यात हे शिरेल तर ना?

“नाही,” मी म्हणालो.

“मंग काय बोलायचं?”

“इंग्रजी.”

बाळूने जरा विचार केला. “आन् काहीच नाय बोललं तर?”

“काहीच बोलला नाहीस तर माल विकशील कसा?” मी विचारलं.

तो खाली बसला. मला वाटलं, पोराला निरुत्तर केलं. मी खूश होऊन टपरीवर गेलो.

पहिले दोन दिवस पाटी या गळ्यातून त्या गळ्यात फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी तास संपताना मी परत आलो तर पाटी खिळ्यावर. चौथ्या दिवशी खिळ्यावर. आठवडाभर पाटी जागची हलली नाही. आणि बाजार तर झालेला असायचा. वांगी इकडची तिकडे गेलेली, चिंचोके या खिशातून त्या खिशात, सगळ्यांची तोंडं समाधानी.

“मंजुळा, आज कोण कोण मराठी बोललं?”

“कोनीच नाय, सर.”

“एक शब्दही नाही?”

“एकबी नाय.”

अत्यंत खरं बोलणारी मुलगी. तिने मला कधीही खोटं सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही.

तुम्ही म्हणाल, अहो पण तुम्ही एकदा तरी खिडकीतून डोकावायचं. कसा डोकावणार? शिक्षक दिसला की मुलं दबतात, असं लाल शाईने लिहिलेलं होतं. शिवाय टपरीवाला माझा चहा मला पाहूनच टाकायचा. पुस्तकाच्या तासाला प्रश्न विचारला की हीच मुलं ठोंब्यासारखी गप्प बसायची, तेव्हा मनात शंका यायची. पण मी तिची समजूत घालायचो की पुस्तक बघून घाबरतात, बाजारात फाडफाड बोलतात.

नामदेवने तर मला सरळ सांगितलं होतं. एकदा घंटा देऊन येताना म्हणाला, “सर, तुमना वर्गमा कोणीच बोलत नही.”

“अरे वा,” मी म्हणालो. “तुझ्याही लक्षात आलं?” मी धरून चाललो की त्याला म्हणायचंय, कोणी मराठी बोलत नाही. तो घंटेचा हातोडा खांद्यावर टाकून निघून गेला.

आमचे मुख्याध्यापक बच्छाव सर. शेतकऱ्याच्या घरातला साधा माणूस, पांढरी टोपी. तेही एकदा म्हणाले, “अहो गांगुर्डे, तुमचा वर्ग फार शांत असतो हो.”

यावर मी काय उत्तर दिलं असेल? सांगायला जीभ रेटत नाही. मी म्हणालो, “सर, इंग्रजी भाषेचा तो गुणच आहे. ती हळू आवाजात बोलली जाते.”

बच्छाव सरांना ते पटलं. त्यांना इंग्रजीबद्दल फार आदर होता. तालुक्याच्या मुख्याध्यापकांच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं की आमच्या पाचवी ‘ब’त पूर्ण तासभर मराठीचा एक शब्द निघत नाही. दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक म्हणे एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यांनी तेच शिक्षण खात्याच्या कचेरीला लिहून पाठवलं. कचेरीतून उत्तर आलं की गांगुर्डे यांची तपासणी तशीही व्हायची आहे, तर साहेब स्वतः येऊन हा खेळ बघतील.

मी काय करायला हवं होतं? एक दिवस वर्गात बसायला हवं होतं. मी काय केलं? नवी पँट शिवायला टाकली. आणि त्याहून वाईट म्हणजे नाशिक रोडला पत्र टाकलं. “पुढील गुरुवारी तपासणी आहे. निकालाविषयी माझ्या मनात संदेह नाही. आपण तिथी बघण्यास हरकत नसावी.” संदेह हा शब्द मी आयुष्यात तेवढा एकदाच वापरला.

गुरुवारी साहेब आले. स्थूल शरीर, बंद गळ्याचा कोट, बोलणं मऊ. वर्गाच्या दाराशी मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही आत नसता?”

“नाही, साहेब. शिक्षक असला की मुलं दबतात.”

“मग आपणही बाहेरूनच बघू की.”

मी आत जाऊन बाजार सुरू करून दिला आणि बाहेर आलो. आम्ही तिघं व्हरांड्यातल्या खिडकीशी उभे राहिलो. मधे साहेब, एका बाजूला बच्छाव सर, दुसऱ्या बाजूला नव्या पँटमध्ये मी.

आत बावन्न मुलं होती आणि आवाज नव्हता. नाही म्हणजे अजिबात नाही. मुलं दोघं दोघं समोरासमोर बसली होती. प्रत्येक जोडीच्या मधे एक कापड. कोणाचा रुमाल, कोणाचं दप्तराचं फडकं, कोणाची डोक्यावरची टोपी. त्या कापडाखाली दोघांचे हात. तोंडं मिटलेली, पण चेहरे बघत राहावेत असे. एकाने भुवया वर केल्या, दुसऱ्याने मान हलवली. एक मुलगा रागाने हात बाहेर काढून उठून चालायला लागला, दुसऱ्याने सदरा धरून त्याला खाली बसवलं, पुन्हा हात रुमालाखाली. मग दोघंही हसले आणि चार वांगी इकडून तिकडे गेली. मंजुळा पाटीखाली उभी राहून सगळ्यांच्या ओठांवर नजर ठेवून होती.

साहेबांनी हळूच विचारलं, “इंग्रजी कधी सुरू होतं?”

“होईल, साहेब. आत्ता जुळवाजुळव करतायत मनात.”

बच्छाव सर मात्र खिडकीला नाक लावून बघत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला. साहेबांच्या मागून वाकून ते माझ्या कानाशी म्हणाले, “गांगुर्डे, अहो, हा बैलबाजार आहे.”

तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला माहीत नसेल, मलाही नव्हतं. बैलांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. आजूबाजूला दहा गिऱ्हाइकं उभी असतात, त्यांना आकडा कळायला नको. म्हणून दलाल आणि घेणारा उपरण्याखाली हात घालतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शब्द न काढता हजाराचा सौदा होतो. बाळूने हे लहानपणापासून बापाशेजारी बसून पाहिलेलं. काहीच नाही बोललं तर, असं त्याने मला विचारलं होतं, आणि माल विकशील कसा, या माझ्या उलट्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. दोन दिवसांत त्याने सगळा वर्ग तयार केला होता.

माझ्या डोळ्यांपुढे पोह्यांची बशी आली आणि तिच्यामागे बँकेतला मुलगा. माझा तोल गेला. मी धावत आत शिरलो आणि ओरडलो, “अरे बोला ना. गप्प काय बसलात? साहेब आलेत, तोंडं उघडा. काहीतरी बोला रे.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मंजुळाने शांतपणे खिळ्यावरची पाटी काढली. माझ्या उंचीला तिचा हात पुरेना, म्हणून ती बाकावर चढली. आणि पाटी माझ्या गळ्यात घातली. एक अक्षर न बोलता. मग कोपऱ्यातला झाडू आणून माझ्या पायाशी ठेवला.

आता गंमत बघा. दुसरं कोणी मराठीत एक शब्द जरी बोललं असतं, तर नियमाप्रमाणे पाटी त्याच्याकडे गेली असती आणि मी सुटलो असतो. मी एकेकाकडे आशेने बघत होतो. एकानेही तोंड उघडलं नाही.

साहेब आत आले. म्हणाले, “कमाल आहे.”

मंजुळाने साहेबांकडे पाहिलं. मग माझ्या गळ्यातल्या पाटीकडे पाहिलं. तिचा हात उचललेला बघून बच्छाव सर घाईघाईने मधे आले आणि म्हणाले, “खेळ संपला, बाळ.”

साहेब मात्र बाळूसमोर मांडी घालून बसले. खिशातला स्वतःचा रुमाल काढला, बाळूच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली सारला. पाच मिनिटं तो सौदा चालला. साहेबांनी मान हलवली, बाळूने मान हलवली. साहेबांनी उठल्यासारखं केलं, बाळूने त्यांच्याकडे बघितलंही नाही. शेवटी साहेबांनी बच्छाव सरांकडून घाम पुसायला टॉवेल मागितला.

“चार वांग्यांना आठ मागत होता,” ते उठत म्हणाले. “पाचावर आणला मी. पण मिरच्या गळ्यात मारल्याच.” त्यांचाही जन्म शेतकऱ्याच्या घरातला होता, हे नंतर कळलं.

मग त्यांनी एक वांगं उचललं आणि वर्गाला विचारलं, “व्हॉट इज धिस?”

मागून एक बारीक आवाज आला, “एलिफंट.”

मी झाडूकडे बघत उभा होतो. साहेबांनी वांगं खाली ठेवलं आणि मराठीत विचारलं, “बरं, सोळा वांग्यांचे चाळीस चिंचोके, तर सहा वांग्यांचे किती?”

“पंधरा,” वीस-पंचवीस मुलं एकदम म्हणाली. चाळीसला सोळाने भागायचं की सोळाला चाळीसने, हे माझं तोवर ठरायचं होतं. साहेबांनी आणखी दहा-बारा हिशेब घातले. एक चुकला नाही. आणि मुलं बोलायला जी लागली ती थांबेनात. प्रत्येकाला साहेबांना काहीतरी सांगायचं होतं, आपला बैल कसा आहे, आपली विहीर किती खोल आहे. मला तो गलबला ऐकून आतून लाज वाटली. अशी बोलकी पोरं मी तीन आठवडे मुकी करून ठेवली होती, आणि त्याबद्दल शाबासकी घ्यायला नवी पँट घालून आलो होतो.

बच्छाव सरांच्या खोलीत साहेब शेरा लिहायला बसले. मी समोर उभा. पाटी गळ्यातच राहिलीय हे नामदेवने चहा आणला तेव्हा लक्षात आलं. त्याने ती मुकाट्याने काढून घेतली.

“इंग्रजीबद्दल मी काही लिहीत नाही,” साहेब म्हणाले. “ऐकलं असतं तर लिहिलं असतं.”

मी सगळी लाज बाजूला ठेवली. “साहेब, माझी चूक आहे. पण माझं लग्न अडलंय हो या पत्रावर.”

साहेबांनी पेन थांबवलं. “मुलांचं तोंडी गणित मात्र असं आहे की मी या तालुक्यात दुसरीकडे पाहिलं नाही. ते झालं तुमच्याच खेळामुळे, तुम्हाला नकळत का होईना. बी. एड.ला दुसरा विषय कोणता घेतला होता?”

“गणित.”

हे खरं होतं. इतिहासाचा वर्ग दुपारी जेवणानंतर असायचा आणि मला झोप यायची, म्हणून मी गणित घेतलं होतं. एवढंच माझं आणि गणिताचं नातं.

“मग सोपं आहे,” साहेब म्हणाले. “कायम करायचं तर रिकामी जागा लागते. तुमच्या इथे गणिताची जागा वर्षभर रिकामी पडलीय. शिकवाल ना?”

मॅट्रिकला मला गणितात बरोबर पस्तीस मार्क होते, आणि ते पस्तीसही परीक्षकाने डोळे झाकून दिले असावेत. खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, “गणित माझा आवडता विषय आहे, साहेब.”

महिन्याभरात पत्र आलं. मी ते घेऊन तडक नाशिक रोडला गेलो. सासऱ्यांनी, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांनी, चष्मा लावून दोनदा वाचलं.

“गणित? तुम्ही तर इंग्रजीचे ना?”

“खात्याने माझी गणितातली आवड ओळखली,” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. “अहो, मग तर देवच पावला. आमचा धाकटा यंदा दहावीला आहे. नववीत गणितात जेमतेम छत्तीस मिळवून पास झालाय. घरातच गणिताचा मास्तर आला म्हणजे आता मला त्याची काळजी नाही.”

लग्न झालं. थाटात झालं. आणि लग्नानंतर दर रविवारी सकाळी, बायको माहेरच्या स्वयंपाकघरात आईशी गप्पा मारत असताना, मी माझ्या मेव्हण्याला बाहेरच्या खोलीत बसवून गणित शिकवलं. जीव तोडून शिकवलं. त्याची शंका मला कळायची नाही आणि माझं उत्तर त्याला, पण आम्ही दोघांनी वर्षभरात एक रविवार चुकवला नाही. सासूबाई आतून कौतुकाने चहा पाठवायच्या.

जूनमध्ये निकाल लागला. मेव्हण्याला इंग्रजीत साठ मार्क पडले. ते मी शिकवलं नव्हतं. गणितात अकरा.

सासऱ्यांनी चष्मा लावून गुणपत्रिकाही दोनदा वाचली. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. फार सज्जन माणूस. मी निघताना फाटकापर्यंत सोडायला आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जावईबापू, पुढच्या रविवारी याल ना, तेव्हा नुसते जेवायला या.”